माळ्यावरची पेटी खाली काढली, पण हात चालत नाहीत

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझं वय ६१. माहेर चिपळूणचं. वडील कीर्तनाला पेटीची, म्हणजे हार्मोनियमची साथ करायचे, त्यांच्याच हाताखाली शिकले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या. लग्नानंतर डोंबिवलीत दोन खोल्यांचा संसार, बँकेची नोकरी, सासूबाईंचं आजारपण. वडिलांनी दिलेली पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. निवृत्तीनंतर मुलाने ती खाली काढून दिली. मोठ्या उत्साहाने बसले आणि रडूच आलं. बोटं एकमेकांत अडकतात, भाता मारताना खांदा भरून येतो, सूर कानाला टोचतात. डोळे मिटून वाजवायचे ती पदं दोन ओळींच्या पुढे सरकत नाहीत. यजमान म्हणतात, ‘या वयात कशाला एवढा त्रास? छोटासा कीबोर्ड घे आणि करमणूक कर.’ पेटी विकून टाकावी का? ठेवायची तर पुन्हा सारेगमपासून सुरुवात करू, की जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पेटी विकू नका. आणि ती कारागिराकडून तपासून आणेपर्यंत स्वतःच्या हाताबद्दल कुठलंही मत बनवू नका. तुमच्या पत्रातल्या तीन तक्रारींपैकी निदान दीड तक्रार तुमची नसून पेटीची आहे, असं मला वाटतं.

खांदा भरून येतो म्हणता, तर आधी हे करून बघा. सगळे स्टॉप आत ढकला, एकही पट्टी दाबू नका आणि भाता पूर्ण उघडून हलक्या हाताने मिटा. पेटी धड असेल तर भाता हाताला अडतो, हवा कोंडल्यासारखी वाटते. तो सहज मिटला, तर हवा कुठून तरी निघून जाते आहे. इतकी वर्षं माळ्यावर, त्यातही डोंबिवलीच्या दमट हवेत राहिलेल्या पेटीच्या भात्याच्या घड्या कोपऱ्यांत फाटतात, कातड्याच्या पट्ट्या कडक होतात, झुरळं चिकटवलेलं कापड कुरतडतात. अशी पेटी वाजवायची म्हणजे तुमचा डावा हात दुप्पट काम करणार. खांदा दुखणारच.

सुरांचंही तसंच. पेटीचं वरचं अंग उचललं की खाली सुरांच्या रांगा दिसतात. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ, पितळेच्याच चौकटीत एका टोकाला पक्की केलेली. जीभ आणि चौकट यांच्यातली फट जेमतेम केसाएवढी. तिच्यात धुळीचा कण गेला तरी सूर घोगरा होतो किंवा मुका राहतो. तुमच्या पेटीत दोन रांगा असतील, खर्ज (खालच्या, जाड आवाजाची) आणि नर (तिच्या वरच्या सप्तकाची). वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर त्या दोन्ही सारख्या उतरत नाहीत. एकाच पट्टीखालचे दोन सूर एकमेकांपासून किंचित सुटले की आवाज थरथरतो, लाटा येतात. ‘कानाला टोचतात’ ते हेच असणार.

एक कळकळीची विनंती. यूट्यूबवर बघून स्वतः सूर घासायला जाऊ नका, घरातल्या हौशी माणसालाही जाऊ देऊ नका. जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. एवढं समजलं की माणसाला वाटतं, सोपं आहे. पण पितळ एकदा गेलं की परत येत नाही, आणि जुन्या पेट्यांमधले जर्मन सूर किंवा पालिताण्याचे चांगले सूर आता सहजी मिळत नाहीत. वडिलांच्या पेटीतले सूर कुठले आहेत ते कारागिराला आधी विचारा. मूळ सूर चांगले असतील तर ‘सगळे नवीन टाकून देतो’ या बोलण्याला होकार देऊ नका. साफ करून मिळवून, म्हणजे सुरात लावून द्यायला सांगा. भाता मात्र नवा करावा लागला तरी बिनदिक्कत करा. कारागीर काम करत असताना शेजारी बसता आलं तर बसा. मी माझ्या विद्यार्थिनींना मुद्दाम नेते. आपल्या पेटीचं पोट एकदा आतून बघितलं की पट्टीवर हात आपटायची सवय आपोआप जाते.

आता हाताकडे येते. तुम्ही वाजवणं सोडलंत, पण ऐकणं सोडलेलं नाही. इतक्या वर्षांत रेडिओ ऐकला असेल, मैफलींना गेला असाल, स्वयंपाक करताना गुणगुणला असाल. तुमचा कान मध्यमाच्या परीक्षेच्या वेळी होता त्याहून आज कितीतरी पुढे गेला आहे आणि हात होता तिथून मागे आला आहे. त्या वयात तुम्हाला न जाणवणारी खोट आज लगेच ऐकू येते. रडू येतं ते या दोघांच्या अंतरामुळे. माझ्याकडे पन्नाशी-साठीनंतर परत येणाऱ्या बायकांमध्ये मी हे नेहमी बघते, आणि ज्यांना पहिल्याच आठवड्यात असं रडू येतं, त्या पुढे चांगल्या वाजवतात. कान मेलेला असता तर तुम्हाला काहीच खटकलं नसतं.

या तयार कानाचा आणखी एक त्रास आहे. पेटी मिळवून आल्यावर तुम्ही मोबाइलवर तंबोरा लावून बसाल, तेव्हा गंधारावर अडखळाल. पेटीतले सगळे सूर समान अंतरावर लावलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार चढा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर सुमारे १४ भाग वर. पंचम मात्र दोनच भाग खाली, तो कानाला कळतही नाही. याच कारणासाठी, आणि पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) निघत नाही म्हणून, आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती १९७१ पर्यंत राहिली आणि उठली तीसुद्धा आधी अंशतःच. पण त्याच काळात आपल्याकडे नाटकात, मैफलीत, कीर्तनात पेटीवाचून पान हलत नव्हतं. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या मंडळींनी त्याच समान अंतराच्या पट्ट्यांवर लोकांना गाणं ऐकवलं. डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली, तो मोठा अभ्यासाचा विषय आहे. तुम्हाला सध्या एवढंच करायचं आहे : गंधारावर ठिय्या देऊन बसू नका. त्याला स्पर्श करा आणि पुढे जा, मुक्काम षड्ज-पंचमावर ठेवा. तिथे पेटी आणि तंबोरा भांडत नाहीत.

सारेगमपासून की सोडलं तिथून? दोन्ही नको. सारेगमपासून सुरुवात केलीत तर चौथ्या दिवशी कंटाळाल, कारण डोक्याला ते सगळं येतं आहे. सोडलं तिथून सुरुवात केलीत तर रोज आजची तुम्ही आणि तेव्हाची तुम्ही अशी तुलना होत राहील, आणि त्यात कुणाचंच भलं नाही. तुम्ही भात्यापासून सुरुवात करा.

परतलेल्या माणसाचं लक्ष उजव्या हातावर असतं, बोटं कुठे पडतात याकडे. खरं विस्मरण डाव्या हाताला झालेलं असतं. पेटीचा श्वास डाव्या हातात आहे. म्हणून पहिले काही दिवस एकच सूर. तुमची गाण्याची पट्टी, म्हणजे षड्ज धरायची जागा, काळी चार किंवा पांढरी पाच असेल, तिथला षड्ज दाबून धरा आणि तो न हलता, न फुगता, शक्य तितका लांब वाजू द्या. भात्याला चार बोटांनी खेचायचं नाही. तळहाताचा खालचा भाग टेकवून, मनगट सैल ठेवून, छोटे छोटे हेलकावे द्यायचे. भाता कधीच पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही आणि शेवटपर्यंत उघडायचाही नाही. मग तोच सूर हळू सुरू करून हळूहळू मोठा करा, परत लहान करा. हे जमलं की सा आणि रे यांच्यात भाता न तोडता जा. ऐकणाऱ्याला दोन सूर दिसता कामा नयेत, एक सरकणं ऐकू आलं पाहिजे. पेटीवर मींड नाही म्हणतात, पण पट्टी सोडायची वेळ आणि भात्याचा दाब यांनी मींडेच्या फार जवळ जाता येतं. गोविंदराव पटवर्धनांचं नाट्यपदांचं वादन ऐका, मी काय म्हणते ते तुमच्या लक्षात येईल. शब्द कुठे तुटतो, कुठे लांबतो, कुठे अक्षरावर जोर आहे, हे सगळं पेटीतून कळतं. एकही शब्द न उच्चारता.

कीबोर्डबद्दल यजमान प्रेमापोटी म्हणताहेत, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण कीबोर्डला भाता नाही. तुम्हाला जे परत मिळवायचं आहे ते त्यात नाहीच.

बोटांसाठी एकच गोष्ट सांगते. अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे) घ्या, पण निम्म्या लयीत, आणि रोज एकाच पट्टीत नको. आज काळी एक, उद्या पांढरी दोन. जुन्या पट्टीत बोटं सवयीने पळतात आणि अडखळली की भांबावतात. नव्या पट्टीत सवयच नसल्यामुळे ती प्रत्येक पावलाला विचार करतात. अंगठ्याबद्दल वडिलांनी काय शिस्त लावली होती ते आठवून तीच पाळा. काळ्या पट्टीवर अंगठा नको असं शिकवलं असेल तर नकोच. आता पद्धत बदलायला गेलात तर जुनी जाईल आणि नवी येणार नाही.

पदांपैकी एकच निवडा, आणि तुम्हाला तोंडपाठ आहे तेच. आधी ते म्हणा. मोठ्याने, टाळी देऊन. मग म्हणता म्हणता फक्त समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा सूर पेटीवर वाजवा. दोनेक दिवसांनी ओळीचा पहिला आणि शेवटचा सूर. मधले सूर हळूहळू भरत जातील. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांना वाटे, आपण सगळं विसरलो. त्यांना मी वाजवायला सांगितलंच नाही. गायला लावलं, हात पट्ट्यांवर नुसते ठेवून. तिसऱ्या कडव्यात त्यांच्या करंगळीने कोमल निषाद आपण होऊन घेतला आणि त्या गाता गाता थांबल्या. हात विसरलेला नसतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं. विचारायचा रस्ता गळ्यातून जातो. पेटीच्या बाबतीत तरी हे मी छातीठोकपणे सांगते.

बसण्याचं बघा. मांडी घालून तासभर बसणं गुडघ्यांना झेपत नसेल तर पेटी टेबलावर आणि तुम्ही खुर्चीवर. उजवं कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, त्यापेक्षा खाली नको. खुर्चीवर बसून वाजवण्यात कमीपणा नाही, नाटकवाली मंडळी पायपेटी खुर्चीवर बसूनच वाजवत आली. सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं पुष्कळ झाली. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर कोमट पाण्यात हात बुडवून मग बसा. मनगटापासून कोपरापर्यंत कळ येऊ लागली तर त्या दिवशी थांबा, आणि कळ राहिलीच तर डॉक्टरांना दाखवा. ‘रियाजात दुखायचंच’ हे माझ्या गुरुजींनी कधी म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही.

शिक्षक हवेतच, पण पंधरा दिवसांतून एकदा पुरेत. त्यांना आधीच सांगा की लहान मुलांच्या वर्गात बसणार नाही. आणि परीक्षेचं मनात असेल तर पहिलं वर्ष ते मनातून काढा. परीक्षेसाठी पाठ करण्यात तुमचं हे तयार ऐकणं वाया जाईल.

हात थोडा मोकळा झाला की साथीला बसा. तुमच्या इमारतीत, देवळात, शेजारच्या भजनी मंडळात कुठेतरी बायका पेटीविना, किंवा मोबाइलवर सूर लावून म्हणत असतील. तिथे जा. एकट्याने वाजवताना चुकलं की माणूस थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. परतलेल्या वादकाची ही सगळ्यात वाईट खोड, कारण त्यामुळे पदाची पहिली ओळ घोटून घोटून गुळगुळीत होते आणि शेवटची कधी येतच नाही. साथीत गाणारा थांबत नाही. चुकलात तर सूर सोडून द्यायचा, भाता चालू ठेवायचा आणि समेवर त्यांना गाठायचं. तुमचे वडील कीर्तनात नेमकं हेच करत होते. बुवा कथेत कुठेही शिरले, अचानक दिंडी वृत्तातलं पद म्हणू लागले, पट्टी बदलली, तरी पेटीवाल्याने तिथे असायचं. ते त्यांच्या शेजारी बसून तुम्ही पाहिलेलं आहे, आणि ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. शिकलेल्या पदांपेक्षा तो वारसा मोठा आहे असं मी मानते. पेटी दुरुस्त होऊन आली की मला जरूर कळवा, सूर कुठले निघाले तेही लिहा.

प्रश्न : मी मूळचा कणकवली तालुक्यातला, मुंबईत नोकरीला. तरुणपणी गावच्या भजनात पेटी वाजवून गायचो, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यालाही बसलोय. शिफ्टच्या नोकरीत सगळं सुटलं. गेल्या गणपतीत गावी पेटीसमोर बसलो तर पोरांची लय इतकी चढलेली की मी मागेच राहिलो. पुढच्या गणपतीपर्यंत तयारी करायची आहे. स्केल चेंजर पेटी घेऊ का? मित्र म्हणतात, त्याने काम सोपं होईल.
– एक भजनप्रेमी, विक्रोळी

उत्तर : दादा, स्केल चेंजर सध्या नको. त्यात पट्ट्यांची अख्खी ओळ सरकवून सूर वर-खाली करता येतो, म्हणजे बोटं एकाच पट्टीत ठेवून कुठल्याही पट्टीत गाता येतं. रोज वेगवेगळ्या गायकांच्या साथीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. तुम्ही स्वतः गाता आणि स्वतःच वाजवता, तुमची पट्टी ठरलेली. शिवाय ती पेटी जड, आतली यंत्रणा नाजूक. गणपतीत या घरातून त्या घरात, पावसातून नेताना तिचे हाल होतील. साधी, दमदार खर्ज-नरची पेटी घ्या आणि भाता मोठ्या हवेचा आहे ना ते बघा. चाळीस माणसांच्या कोरसमध्ये तीच टिकते.

लयीचं म्हणाल, तर पोरांच्या मागे धावू नका. डबलबारीत बुवांची किंमत लयीवर ठरत नव्हती, रूपावलीतला (देवाच्या रूपाच्या वर्णनाचा) अभंग कसा मांडला आणि गजर (नामघोष) कुठे उचलला यावर ठरत होती. तुम्ही ऐकलेल्या जुन्या बुवांच्या चाली आठवतात तेवढ्या म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ते आजच्या पोरांकडे नाही. हातासाठी मृदंगाचा ठेका लावून संथ लयीत अभंग वाजवा, आणि लय वाढवायची ती तोंडाने शब्द स्वच्छ निघतील तिथपर्यंतच. शब्द खाल्ले गेले की एक पायरी खाली या. शक्य असेल तर मुंबईतल्या तुमच्या गावच्या मंडळात जाऊन आधी नुसते झांजेला बसा. पेटी आपोआप तुमच्यासमोर येईल.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो. पुण्याहून आणलेली पेटी सात-आठ वर्षं न वाजवता खोलीत होती. आता मुलीला शिकवण्याच्या निमित्ताने मीच पुन्हा वाजवायला लागले. हिवाळ्यात काही पट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत आणि भात्यातून फुसफुस आवाज येतो. उन्हाळ्यात बरं असतं. पेटी बिघडली का?
– एक वाचक, मिनिॲपोलिस

उत्तर : बिघडलेली दिसत नाही, कोरडी पडते आहे. तुमच्याकडे हिवाळ्यात घर तापवल्यावर हवेतला ओलावा फार कमी होतो. पुण्याच्या हवेत मुरलेलं लाकूड आकसतं, सांधे किंचित उघडतात आणि तिथून हवा फुसफुसते. लाकूड आकसताना वाकलं की पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आणि वर यायची थांबते. उन्हाळ्यात ओलावा परत आला की लाकूड जागेवर येतं. तिकडे पियानो आणि गिटार असणाऱ्या घरांत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, तेवढीच पेटीलाही मानवते. खोलीत ह्युमिडिफायर आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा. गरम हवेच्या झरोक्याजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटून पेटी नको. अडकलेल्या पट्टीत तेल घालू नका, तेलाने लाकूड फुगतं आणि धूळ धरून बसते. फट उघडी दिसली तरी हिवाळ्यात गोंद भरू नका, उन्हाळ्यात तोच सांधा ताणून फाटेल. दुरुस्ती करायचीच झाली तर पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा करा, आणि कारागिराला ही पेटी कुठल्या हवेत राहणार आहे ते आधी सांगा. परत नेताना ती विमानात सामानात टाकावी लागली तर भाता पट्ट्याने बांधून, पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवून मगच झाकण लावा.